वाचकांचे प्रश्न : तरंगणाऱ्या नेच्याचा विस्तार

प्रश्न : तळ्यावर तरंगणारी साल्व्हिनिया ही वनस्पती नेचेवर्गातील आहे, असे वाचले. तिच्यापासून बीजाणू रुजताना आढळत नाहीत, तरी ती थोड्याच आठवड्यांत संपूर्ण तळे कशी व्यापते? पाने पाण्यात दाबून सोडली तरी कोरडीच वर येतात, ती का? आणि एक लहानसा भुंगेरा तिचा नायनाट करतो, हे खरे आहे काय?

उत्तर : आपण वर्णन केलेली वनस्पती बहुधा ‘साल्व्हिनिया मोलेस्टा’ असावी. ती खरोखरच नेचे असून मूळची आग्नेय ब्राझीलमधील आहे. तिला मुळे अजिबात नसतात. आडव्या खोडाच्या प्रत्येक पेरावर तीन पाने येतात. त्यांपैकी दोन हिरवी पाने पाण्यावर पसरतात, तर तिसरे बारीक तंतूंमध्ये विभागलेले असते आणि पाण्याखाली लोंबते, म्हणून पाहणारा त्यालाच मुळे समजतो. बीजाणुधान्या धरतात त्या याच पानावर, पण त्यांत रुजण्याजोगे बीजाणू नसतात. या जातीच्या पेशींत गुणसूत्रांचे पाच संच, म्हणजे एकूण 45 गुणसूत्रे असतात, आणि बीजाणू तयार होताना ज्या जोड्या जुळाव्या लागतात त्या पाच संचांत नीट जुळत नाहीत.

त्यामुळे तिचा सारा विस्तार तुटण्यावर अवलंबून आहे. खोडाचा कोंब असलेला कोणताही तुकडा नवे रोप होतो आणि उबदार, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाण्यात तिचे प्रमाण दोन-तीन दिवसांत दुप्पट होऊ शकते. मोकळ्या पाण्यावर पाने लहान व सपाट असतात. दाटी झाली की ती मोठी होतात, मध्यशिरेवर दुमडून उभी राहतात आणि थरावर थर चढत जातात. आफ्रिकेतील झांबेझी नदीवरील करिबा धरणाचे पाणी डिसेंबर 1958 मध्ये अडवले गेले, पुढच्या मे महिन्यात तेथे ही वनस्पती दिसली आणि 1962 पर्यंत तिने जलाशयाचा सुमारे 1,000 चौरस किलोमीटर पृष्ठभाग व्यापला.

कोरड्या पानांचे कारण भिंगाखाली पाहण्यासारखे आहे. पानाच्या वरच्या बाजूवरील प्रत्येक केसाला चार फांद्या फुटतात व त्या टोकाशी पुन्हा जुळतात, त्यामुळे केसाचा आकार रवीसारखा दिसतो. केसांवर पाणी झटकणाऱ्या मेणाचे कण असतात, मात्र अगदी टोकाच्या पेशी मेणविरहित असल्याने पाण्याला धरून ठेवतात. परिणामी पाणी टोकांवरच अडते आणि त्याखाली हवेचा थर टिकून राहतो. ही रचना 2010 मध्ये उलगडली गेली. माझ्या मते वनस्पतींच्या पृष्ठभागांत इतकी कुशल रचना क्वचितच आढळते.

भुंगेऱ्याविषयी आपण वाचले ते खरे आहे, मात्र त्यामागे ओळखीच्या चुकांचा मोठा इतिहास आहे. ही वनस्पती बराच काळ दुसरीच जात समजली जात होती. तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती 1972 मध्ये. तोपर्यंत शत्रुकीटक शोधले गेले ते त्या दुसऱ्या जातीवर, आणि आफ्रिकेत सोडल्यावर त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. मूळ प्रदेश 1978 मध्ये सापडल्यावर ब्राझीलमधून सुमारे दोन मिलिमीटर लांबीचा काळा भुंगेरा आणून 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडण्यात आला आणि वर्षभरापेक्षा थोड्याच अधिक काळात तेथील थर नष्ट झाला. हा भुंगेराही आधी आफ्रिकेत वापरलेल्याच जातीचा मानला गेला होता. तो निराळा असल्याचे 1985 मध्ये स्पष्ट झाले आणि त्याला ‘सिर्टोबॅगस साल्व्हिनिए’ हे नाव मिळाले. प्रौढ भुंगेरे कोंब खातात, अळ्या खोड पोखरतात, आणि तुटण्यातून वाढणारी ही वनस्पती कोंबच उरले नाहीत म्हणून बुडते.

पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या खोऱ्यात मात्र हा भुंगेरा सुरुवातीला तग धरेना, कारण तेथील रोपांत नत्र फार कमी होते. तेव्हा संशोधकांनी थोड्या भागात युरिया टाकून रोपे पोसली, त्यांवर भुंगेऱ्यांची संख्या वाढली आणि मग ते इतरत्र पसरले. अर्थात हा कीटक वनस्पतीचा समूळ नाश करत नाही. दोघेही थोड्या संख्येने टिकून राहतात. थंड हवामानात त्याचा प्रभाव मंदावतो. आपल्या तळ्यातील वनस्पती हाताने काढायची असेल, तर थर अगदी लहान असतानाच काढावा व तुकडे वाहून जाऊ नयेत म्हणून आधी त्याभोवती तरंगते कुंपण घालावे.