कर्करोगाच्या पेशी संप्रेरक ‘स्रवतात’ की ‘तयार करतात’?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांना मूत्राशयाचा कर्करोग आहे आणि घरच्यांसाठी त्या मराठीत टिपण लिहीत आहेत. गाठीच्या पेशी ‘बीटा एचसीजी’ हे हॉर्मोन, म्हणजे संप्रेरक, बनवतात, हे सांगायला उत्पादन, निर्मिती की स्राव?

‘उत्पादन’ नको. सोलापुरात त्या शब्दासरशी चादरी आणि टॉवेल आठवणार.

उरलेल्या दोहोंतला फरक मात्र फार महत्त्वाचा आहे. निर्मिती पेशीच्या आत होते. स्राव म्हणजे तयार झालेलं बाहेर पडणं. गाठीचा तुकडा खास रंगवून पाहिल्यावर पेशींत एचसीजी दिसलं, तर निर्मिती कळली. रक्तातही ते वाढलेलं असलं, तर स्राव होतोय. काही रुग्णांत पेशींत ते दिसतं, पण रक्तातलं प्रमाण वाढलेलं नसतं. तिथे ‘पेशी संप्रेरक स्रवतात’ हे वाक्य दिशाभूल करेल. म्हणून रिपोर्ट कशाचा आहे ते आधी बघा आणि मग क्रियापद निवडा.

व्याकरणाचं म्हणाल, तर बोलण्यात ‘जखम स्रवते’, म्हणजे क्रियापद अकर्मक. ‘ग्रंथी संप्रेरके स्रवतात’ हे पाठ्यपुस्तकांनी रुळवलं, ते आता चुकीचं म्हणवत नाही. मला स्वतःला ‘पेशींतून संप्रेरक स्रवतं’ हेच बरं वाटतं.

आणखी एक शब्द जरूर घ्या: अस्थानी. एचसीजी बनवणं हे गरोदरपणात वारेचं काम, मूत्राशयाच्या अस्तराचं नव्हे. गर्भ नळीत राहिला की डॉक्टर ‘अस्थानी गर्भधारणा’ म्हणतात, तशीच ही ‘अस्थानी संप्रेरकनिर्मिती’. ‘अनाठायी’चा अर्थही तोच, पण ‘अनाठायी खर्च’ म्हणताना त्यात दोष देणं येतं. आजाराबद्दल तो शब्द नको.

‘बीटा’ गाळू नका. एचसीजीचा अल्फा भाग थायरॉइडला चालना देणाऱ्या हॉर्मोनातही असतो. ओळख पटते ती बीटा भागावरून, आणि या गाठींतून बहुधा तो सुटा भागच बाहेर पडतो. ‘गरोदरपणाचं हॉर्मोन’ एवढंच लिहिलंत, तर वडिलांच्या नावापुढे ते वाचून घरचे घाबरतील. या कर्करोगाच्या काही गाठी ते बनवतात, हे त्याच ओळीत लिहा.

‘मूत्राशय’ एकदा लिहून पुढे ‘लघवीची पिशवी’ म्हणा. नुसतं ‘पिशवी’ नको. ‘पिशवी काढली’ म्हटलं की आपल्याकडे गर्भाशयच समजतात.