अक्षरांचं शंकासमाधान : नाव लांब, पट्टी छोटी

प्रश्न : आमचं फ्लेक्स-बोर्डाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला चार फुटांच्या पट्टीत लांबलचक नाव हवं असतं, तेही ठसठशीत. मी नेहमीचा जाड फॉन्ट घेऊन तो आडवा दाबतो. इंग्रजी नाव ‘इम्पॅक्ट’ या जाड फॉन्टमध्ये झकास दिसतं, मराठी मात्र बेढब. असं का? — एक वाचक, मिरज

उत्तर : दाबणं आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती. रुंदी ६० टक्क्यांवर आणली की कानाही ६० टक्केच जाड उरतो; शिरोरेषेची जाडी मात्र तेवढीच राहते. मग वर तुळई आणि खाली काटक्या असं अक्षर तयार होतं.

इम्पॅक्ट मुळातच अरुंद काढलेला आहे. जेफ्री ली यांचं हे काम, शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेक फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरं घडवणाऱ्या कंपनीने, १९६५ साली बाजारात आणलं. त्यातली स्मॉल अक्षरं कॅपिटलच्या उंचीला जवळजवळ भिडतात, आतल्या पोकळ्या फटीएवढ्या आणि वर-खाली जाणारे दांडे आखूड. मिळेल त्या जागेत जास्तीत जास्त शाई. मथळा, पोस्टर, पाटी यांसाठी उत्तम; परिच्छेद मात्र त्यात कधीच लावू नका.

हीच युक्ती देवनागरीत जशीच्या तशी चालत नाही. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार हवेत, म्हणजे मूळ अक्षराच्या वाट्याला उंचीच कमी येते. त्यात ‘ष्ट्र’ किंवा ‘क्ष्मी’ जाड करायचं म्हणजे कुठली रेघ बारीक करावी आणि कुठली पोकळी राखावी, हे एकेका अक्षरापाशी बसून ठरवावं लागतं. त्या मेहनतीबद्दल मला फार आदर आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’ आणि ‘खंड’ असेच मुळात अरुंद घडवलेले, पाच-पाच वजनांचे, म्हणजे बारीक ते जाड अशा पाच जाड्यांचे फॉन्ट आहेत. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, धंद्यातही वापरता येतात. तेकोची चौकोनी वळणं पाटीवर मला विशेष आवडतात.

फॉन्ट कुठलाही घ्या, आधी ‘महाराष्ट्र, लक्ष्मी, दुसऱ्या, ऑर्डर, कुंकू’ टाइप करून बघा. ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत का, तेही पाहा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळी इंग्रजीसारख्या चिकटवू नका, वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. आणि सगळं नाव एकाच आकारात कशाला? मुख्य शब्द अरुंद-जाडमध्ये मोठा घ्या. ‘गृहोद्योग’, ‘आणि कंपनी’ वगैरे साध्या रुंदीत, लहान.

छापण्याआधी एक-दोन शब्द खऱ्या मापात साध्या कागदावर काढा, भिंतीला लावा आणि रस्त्यापलीकडून बघा. ‘क्ष’ची पोकळी बुजलेली दिसली, तर बोल्ड सोडून सेमीबोल्ड घ्या.