फ्रीझियाची पानं वाढतात, फुलं का येत नाहीत?

प्रश्न : ऑगस्टमध्ये कुंडीत फ्रीझियाचे आठ कंद लावले. तीन कुजले, बाकीच्यांना नुसती पानं. पुढच्या वर्षासाठी कंद फ्रीजमध्ये ठेवू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नका. ट्यूलिपला थंडी लागते, फ्रीझियाची गोष्ट उलटी. हे झाड दक्षिण आफ्रिकेतलं, तिथला कोरडा उन्हाळा जमिनीखाली झोपून काढणारं. झोप मोडायला कंदांना 25 ते 30 अंशांची कोरडी ऊब अडीच-तीन महिने मिळावी लागते. थंडीत ठेवलेला कंद कधी कधी कोंब न काढता स्वतःवरच नवा कंद धरतो आणि वर्ष वाया जातं.

ऑगस्टची लागवड हीच खरी चूक. कोंबाजवळची माती 20 अंशांच्या वर राहिली की फूल धरायला उशीर होतो. दिवाळीनंतर, रात्री गार झाल्या की लावा. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, कंद त्यातच कुजतात. म्हणून माती, जाड वाळू आणि कुजलेलं पानांचं खत समप्रमाणात घ्या. आठ इंची कुंडीत सहा कंद, टोक वर, 5 सेंमी खोल. ऊन भरपूर हवं. युरिया नको, पानंच माजतात.

दांडा टोकाशी आडवा वळतो, कळ्या त्यावर ओळीने उभ्या राहतात. त्या भाराने तो लवंडतो, तेव्हा काडीचा आधार आधीच द्या. फुलं सरल्यावर पानं कापू नका. ती पिवळी पडेपर्यंत नवा कंद पोसत असतात.