जावात बरीच वर्षं काढलीत, आता पायथॉनिक, म्हणजे पायथॉनच्या वळणाचा कोड लिहायचाय. कसं शिकू?

'सेमीकोलन काढलेला जावा.' माझ्या पहिल्या पायथॉन कोडवर रिव्ह्यूमध्ये आलेला हा पहिला शेरा. नऊ वर्षं जावा केल्यावर तो किती झोंबला असेल, विचारू नका.

काम किरकोळ होतं. सीएसव्ही वाचायची, चुकीच्या ओळी गाळायच्या, रकमांची बेरीज करायची. मी सात फाइली केल्या, एकेकीत एक क्लास: रीडर, रीडरचा ॲबस्ट्रॅक्ट बाप, रीडरची फॅक्टरी वगैरे. प्रत्येक फील्डला दोन अंडरस्कोअर आणि गेटर-सेटरची, म्हणजे ते वाचायच्या-बदलायच्या मेथड्सची जोडी. माझ्याहून बऱ्याच लहान सहकाऱ्याने ते सगळं एका फाइलीत, एक क्लास आणि तीन फंक्शनांत बसवलं. मी एन्कॅप्स्युलेशनवरून, म्हणजे क्लासच्या आतला डेटा बाहेरच्यांपासून झाकण्यावरून, तासभर भांडलो. त्याने माझं 'प्रायव्हेट' फील्ड बाहेरून वाचून दाखवलं. दोन अंडरस्कोअरमुळे नावाआधी क्लासचं नाव चिकटतं, कुलूप काही लागत नाही! पुढे रक्कम ऋण नको अशी तपासणी हवी झाली, तेव्हा त्याने त्या साध्या फील्डची प्रॉपर्टी केली, म्हणजे दिसायला फील्डच, पण आतून फंक्शन चालतं. वापरणाऱ्या कोडची एक ओळही बदलावी लागली नाही. तिथे मी गप्प.

तेव्हा गेटर-सेटर सोडाच. स्टॅटिक मेथड्सच्या युटिलिटी क्लासऐवजी मॉड्यूलमध्ये सरळ फंक्शन लिहा. बिल्डर पॅटर्नचं काम कीवर्ड आर्ग्युमेंट करतात. इंडेक्स फिरवत बसू नका, क्रमांक आणि घटक जोडीने देणारं एन्युमरेट आहे. फाइल उघडायची तर विथ, ती आपोआप बंद होते.

पण टाइप हिंटच्या, म्हणजे कोणत्या व्हेरिएबलात कोणत्या प्रकारचा डेटा येणार हे लिहून ठेवण्याच्या बाबतीत तो सहकारीच चुकला, हे मी आजही म्हणतो. २०१५ पासून, म्हणजे पायथॉन ३.५ पासून ते भाषेत आहेत, तरी 'जावाची सवय' म्हणून त्याने ते माझ्याकडून काढून घेतले. काही महिन्यांनी रात्रीचा जॉब पडला. ग्राहक सापडला नाही की एक फंक्शन गुपचूप नन (None, जावातला null) परत करायचं, आणि पुढची ओळ त्या ननवर डॉट लावून नाव मागायची. हिंट ठेवून मायपाय (हिंट तपासणारं टूल) चालवलं असतं तर कमिट करायच्या आधीच बोंब झाली असती. तो म्हणाला, टेस्ट कमी पडल्या. टेस्ट त्यानेच लिहिल्या होत्या.

तुमचा कोड दहा माणसं वापरणार असेल तर हिंट द्याच, कोणी काहीही म्हणो. अर्थात रनटाइमला पायथॉन ते तपासत नाही आणि वीस ओळींच्या स्क्रिप्टला त्यांची गरजही नाही. आणि हो, डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका. ती फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनते आणि मग प्रत्येक कॉलला तीच वापरली जाते. मीही तिथे अर्धा दिवस घालवलाय.