वॅगनआरचं इंजिन ऑइल सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोल वॅगनआर आहे, वॉरंटी संपलीय, वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर चालते आणि ऑइल दोन महिन्यांत काळं पडतं म्हणून गॅरेजवाला खरंच नवं टाकतो का, याची शंका येते. माझं उत्तर: बदलता येईल, जरूर बदला. मी माझ्या गाडीचं स्वतःच बदलतो. पण पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. गाडी वर उचलल्यावर कशावर उभी राहणार, आणि काढलेलं ऑइल कुठे जाणार. यातली एकही जमत नसेल तर गॅरेजला जा आणि समोर उभं राहून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आधी त्या शंकेबद्दल. ऑइल काळं पडलं म्हणजे जुनंच टाकलं, असं होत नाही. इंजिनात धरलेली काजळी आणि मळ सुटा करून स्वतःत धरून ठेवणारी द्रव्यं ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली असतात. ऑइल काळं होतंय म्हणजे ते आपलं काम करतंय. डिझेल गाडीत तर काहीशे किलोमीटरमध्येच ते काळंभोर होतं. त्यामुळे नुसत्या रंगावरून गॅरेजवाल्याला दोष देऊ नका.

आणि ४,००० किलोमीटरच झाले म्हणून थांबूही नका. छोट्या पेट्रोल गाड्यांना सहसा १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगितलेलं असतं. भाजी आणायला, मुलांना क्लासला सोडायला म्हणून दोन-दोन किलोमीटर चालणारी गाडी नीट तापतच नाही. मग न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये साठत जातो. हायवेवर चालणाऱ्या गाडीपेक्षा अशा गाडीचं ऑइल लवकर बिघडतं. वर्ष झालं की बदला.

ऑइल कोणतं? मालकाच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं काहीतरी असेल. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहतं याचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या घट्टपणाचा. ‘आपल्याकडे ऊन फार, २०डब्ल्यू-४० टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. आजच्या इंजिनांमधल्या ऑइलच्या वाटा बारीक असतात आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरपर्यंत पोचणं महत्त्वाचं असतं. डबा पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून, सील तपासून घ्या. त्याच वेळी फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा (ज्यातून जुनं ऑइल काढतात तो तळाचा बोल्ट) नवा वॉशरही घ्या. जुना वॉशर दाबून चपटा झालेला असतो, तो परत लावला की थेंब-थेंब गळती सुरू होते.

आता पहिली गोष्ट, गाडी उचलण्याची. डिकीतला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, अर्ध्या मिनिटासाठीही शिरू नका. विटा किंवा दगडांची चळत रचूनही नाही. वीट अचानक फुटते. वजनाची क्षमता लिहिलेले दोन जॅकस्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी आधार, विकत घ्या. जमीन सपाट हवी, बेसमेंटचा उतार नको. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढची बाजू उचलून पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच स्टँड लावा. मग गाडी हाताने जोर लावून हलवून बघा. तसूभरही सरकली तर खाली उतरवून पुन्हा लावा. घरातलं कुणीतरी मोठं माणूस जवळ असू द्या आणि लहान मुलांना लांब ठेवा.

पुढचं काम सोपं आहे. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं. लांबून आल्या आल्या बोल्ट उघडलात तर हात भाजेल. वरचं ऑइलचं झाकण सैल करा, नायट्राइलचे हातमोजे घाला, चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याखाली, पसरट टब सरकवा. गोटी पाना नीट बसवून ड्रेन बोल्ट सैल करा आणि शेवटचे आटे हाताने फिरवा. पहिली धार सरळ खाली पडत नाही, तिरकी येते, म्हणून टब थोडा पुढे धरा.

फिल्टर काढल्यावर मात्र घाई नको. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते आणि ती काळी असल्यामुळे पटकन दिसत नाही. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर दोन रिंगा एकावर एक बसतात, आणि गाडी रस्त्यावर असताना दाबाने सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं. ती बैठक कापडाने पुसा, बोट फिरवून खात्री करा, जुन्या फिल्टरवर रिंग आहे ना तेही बघा. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा. फिल्टर हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आणखी. पान्याने आवळायचा नाही. ड्रेन बोल्टही हाताने सुरू करून मगच पान्याने बसवा. चेंबरचे आटे गेले की शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीपायी हजारांचं काम निघतं.

छोट्या गाडीला साधारण ३ लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत आहे. अर्धा लिटर कमीच ओता. गाडी खाली उतरवा आणि इंजिन सुरू करा. लाल ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर ताबडतोब बंद करा. विझला तर मिनिटभर चालू ठेवून बोल्ट आणि फिल्टरपाशी थेंब दिसतोय का, ते बाजूने टॉर्च मारून बघा. बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पातळी पाहा आणि दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेपर्यंत थोडं थोडं ओता. खुणेच्या वर नको. जास्तीचं ऑइल क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

राहिली दुसरी गोष्ट, काढलेलं ऑइल. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ चे केंद्राचे नियम त्यालाही लागू आहेत. तरीही ते गटारात जातं, वाळवीसाठी लाकडाला फासलं जातं, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावलं जातं. हे मला मनापासून खटकतं. त्यात धातूचे बारीक कण असतात, जळलेल्या इंधनाची विषारी संयुगं असतात, आणि पावसाळ्यात ते सगळं नाल्यातून नदीत उतरतं. रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा. त्यात पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, मग त्यावर पुन्हा प्रक्रिया होणं अवघड जातं. फिल्टर रात्रभर टबात उलटा ठेवून निथळवा. हे सगळं अशा सर्व्हिस सेंटरला द्या जे वापरलेलं ऑइल प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवतं. घेतील का, हे ऑइल विकत आणायच्या आधीच विचारा. ओळखीच्या ठिकाणी सहसा नाही म्हणत नाहीत. उरलेले रिकामे डबे भंगारात देताना भोक पाडून द्या, कारण चांगल्या कंपनीच्या डब्यात बनावट ऑइल भरून विकणारे असतात.

सोसायटीत सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा आणि टबाखाली जुनं पुठ्ठ्याचं खोकं उलगडून अंथरा, फरशीवरचा डाग नंतर निघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायच्या आधी त्याच पुठ्ठ्यावर थेंब आहे का ते बघा आणि पातळी पुन्हा एकदा तपासा. तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड बिलाच्या मागे लिहून ते बिल सर्व्हिस बुकात ठेवा. गाडी विकताना घेणारा हेच मागतो.