१,८२,००० किलोमीटर पळालेली डिझायर घ्यावी का?

प्रश्न : रोज कराड ते इस्लामपूर जाऊन-येऊन महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात. जुनी डिझेल डिझायर घ्यायची आहे. दोन पाहिल्या, दोन्ही २०१५ च्या. पहिली एकाच मालकाची, औषध कंपनीत फिरतीवर असणाऱ्याची. मीटर १,८२,०००, सगळी बिलं फाइलला. दुसरी एजंटकडे आहे. चकाचक, मीटर ७४,०००, बिलं नाहीत, किंमत साठ हजारांनी जास्त. घरचे म्हणतात दुसरी घ्या, पहिलीचं इंजिन आता किती दिवस टिकणार? — एक वाचक, कराड

उत्तर : घरच्यांना नमस्कार सांगा आणि पहिलीच बघायला जा.

दुसरीचं मीटर खरं मानलं, तर महिन्याला जेमतेम सहाशे किलोमीटर होतात. त्या काळात पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजून डिझेल गाडी घेणारा माणूस ती एवढीच फिरवतो, हे मला पटत नाही. मीटर मागे घेणं आता लॅपटॉपवरचं काम आहे. पण घासलेलं रबर मागे घेता येत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरच्या रेघा बघा, स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झालंय ते बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दाबून बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवर प्रत्येक भेटीचं किलोमीटर नोंदलेलं असतं. मालकाला ते काढून द्यायला सांगा. एजंट टाळाटाळ करू लागला, की उत्तर मिळालंच. आणि समजा ७४ हजार खरे असले, तरी गावातल्या गावात, इंजिन गरम व्हायच्या आत बंद करून झालेले ७४ हजार मला हायवेच्या दीड लाखापेक्षा जास्त खटकतात. झीज सगळ्यात जास्त होते ती थंड इंजिनला सेल्फ मारल्यावर.

आता इंजिनाबद्दल. डिझायरमधलं १२४८ सीसीचं हे डिझेल इंजिन मूळ फियाटचं. मारुतीने ते २००७ मध्ये स्विफ्टला दिलं. टाटांच्या व्हिस्टात तेच, फियाटच्या पुंटोत तेच, म्हणून लोक गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल बंद केलं, पण इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की स्पेअर आणि मिस्त्री, दोन्ही तालुक्याच्या गावात मिळतात. वेळेवर ऑइल मिळालेली ही इंजिनं हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता तीन लाखांच्या पुढे गेलेली माझ्याच गॅरेजमध्ये येतात. त्यातल्या बहुतेक टूरवाल्यांच्या.

वेळेवर ऑइल, यावर माझा भर आहे त्याचं कारण टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडणारी साखळी. या इंजिनला पट्टा नाही, चेन आहे, आणि ‘चेन म्हणजे जन्मभर बघायला नको’ अशी लोकांची समजूत. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दहा हजाराला बदलायचं ऑइल वीस हजारांपर्यंत ओढलं, की खालच्या ऑइल चेंबरमध्ये काळा गाळ बसतो, ऑइलची जाळी तुंबते, दाब कमी पडतो. चेन सैल होते आणि एके दिवशी चाकाचे दात सोडते. मग व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात, नशीब फुटकं असेल तर व्हॉल्व्हही वाकतात. हेड उतरलं, की गाडी स्वस्तात मिळाल्याचा आनंद तिथेच संपला.

म्हणून पहिली गाडी बघायला सकाळी जा. मालकाला आदल्या रात्रीच सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून थंड असल्याची खात्री करा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून स्वतः इंजिनाजवळ उभे राहा. डिझेलची खडखड असणारच. पण पहिले दोन-तीन सेकंद साखळी पत्र्यावर घासल्यासारखा आवाज येऊन थांबला, तर चेन किट बदलायला आलं असं समजा. तेवढ्यावरून गाडी सोडू नका. किटचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.

इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते. धूर जोराने बाहेर फेकत असेल, तर ते बॅक कॉम्प्रेशन. पिस्टनच्या रिंगा गेल्या, तिथून सरळ घरी या. कूलंटच्या (रेडिएटरच्या पाण्याच्या) डब्यात तेलकट तवंग दिसला तरी सरळ घरीच या. गेजवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका, डिझेलमध्ये नवं ऑइलही चार दिवसांत काळं होतं.

बिलांमध्ये ऑइल आणि फिल्टरच्या तारखा जुळवा. त्या जुळल्या, चेनचा आवाज नसला, तर तुमच्या वापरात ही गाडी अजून लाखभर किलोमीटर सहज जाईल. त्याआधी, २०३० मध्ये, पंधरा वर्षांची नोंदणी संपेल. पुढच्या पाच वर्षांसाठी आरटीओत तपासणी आणि पर्यावरण कर भरावा लागेल. इंजिनाआधी कागदांचीच मुदत संपणार आहे. वाटेत क्लच, सस्पेन्शन, कदाचित टर्बो, असे खर्च येतील. त्यासाठी ते वाचलेले साठ हजार बाजूला ठेवा.

(व्हॉट्सअॅपवर फिरणारी ती तीस लाख मैलांची लाल व्होल्वो खरी आहे. अमेरिकेतल्या आयर्व गॉर्डन या शिक्षकाची १९६६ ची पी-१८००, हा टप्पा २०१३ मध्ये गाठला. इंजिन मध्ये उघडून बांधलं होतं, तेवढं फॉरवर्ड करणारे गाळतात.)

प्रश्न : माझी २०११ ची पेट्रोल वॅगन-आर, १,४०,००० झाले. तीन हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते. मिस्त्री म्हणतो जाड ऑइल घाला नाहीतर इंजिन बोअर करा (सिलिंडर आतून कापून घ्या). — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दोन्ही नको. जाड ऑइल थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं, झीज वाढते. आंबोली घाट गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरा आणि खाली आल्यावर एकदम दाबा. मागच्या गाडीवाल्याला निळा धूर तेव्हाच दिसला, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. ते काम रिंगांच्या मानाने फार स्वस्तात होतं. चढावर सतत निळा धूर असेल तर रिंगा. तरीही तीन हजाराला लिटर यासाठी मी इंजिन उघडणार नाही. मॅन्युअलातल्या ग्रेडचाच एक डबा डिकीत ठेवा आणि दर रविवारी गेज बघा. हजाराला लिटर लागायला लागलं, की परत लिहा.