परवानगी फांद्यांची होती, झाड बोडकं झालं

प्रश्न : ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या ३६ सदनिकांच्या सोसायटीची मी मानद सचिव आहे, निवृत्त शिक्षिका. गेल्या जूनमध्ये आवारातल्या रेन ट्रीची फांदी एका स्कूटरवर पडली. म्हणून यंदा महापालिकेकडून धोकादायक फांद्या छाटण्याची परवानगी घेतली आणि खासगी कंत्राटदाराला काम दिलं. काम झालं त्या दिवशी मी घरी नव्हते. संध्याकाळी आले तर बुंधा आणि चार खुंट उरले होते, ओंडके टेम्पोतून गेलेही होते. झाड १९८४ साली इमारत झाली तेव्हा लावलेलं. एका रहिवाशाने तक्रार केली, आणि आता माझ्या नावाने कारणे दाखवा नोटीस आली आहे. सात दिवसांत खुलासा मागितलाय. कंत्राटदार म्हणतो, ‘परवानगी तुमची, मी फक्त काम केलं.’ अध्यक्षांनी त्याला व्हॉट्सअॅपवर ‘यंदा चांगलं मोकळं करा, दरवर्षी खर्च नको’ असं लिहिलं होतं. तो मेसेज काढून टाकावा आणि तक्रारदारालाच वकिलाची नोटीस पाठवावी, असं समितीत ठरतंय. मला तुरुंगात जावं लागेल का?

उत्तर : ताई, आधी तो मेसेज. त्याला कुणीही हात लावू नका. कंत्राटदाराच्या फोनमध्ये तो आहेच, आणि चौकशीत लागेल असा पुरावा मुद्दाम नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. आज तुमच्यावर आरोप आहे तो झाडाच्या बाबतीतल्या हलगर्जीपणाचा. मेसेज पुसलात की तो लबाडीचा होईल. मागच्या तारखेचा ठराव किंवा वर्क ऑर्डर तयार करायचं कुणी सुचवलं तर त्यालाही ठाम नकार द्या. खरं सांगायचं तर ‘मोकळं करा’ म्हणजे ‘बोडकं करा’ नव्हे, असं म्हणायला जागा आहे. पण ते म्हणता येईल मेसेज जागेवर असेल तरच.

आता कायदा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा तुमच्या आवारातल्या झाडालाही लागू आहे. जमीन स्वतःची असली तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. अनेकांना वाटतं की झाड मुळापासून पाडलं तरच गुन्हा. तसं नाही. या कायद्यात झाड तोडणं या शब्दांत जाळणं, कापणं आणि कोणत्याही रीतीने झाडाला इजा करणं हे सगळं येतं. त्यामुळे ‘झाड उभं आहे, फक्त छाटलंय’ हा बचाव पुरा पडणार नाही. परवानगीपत्रात कोणत्या फांद्या आणि किती, हे लिहिलेलं असतं. त्यापलीकडचं प्रत्येक कापणं विनापरवानगी ठरतं.

तोडणाऱ्याइतकाच तोडून घेणाराही या कायद्याने जबाबदार आहे. म्हणून कंत्राटदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे: परवानगी सोसायटीच्या नावावर आहे आणि तिच्या अटी पाळून घेणं सोसायटीचं काम होतं. पण करवत त्याने चालवली, त्यामुळे तो सुटत नाही. तुमच्यापुरतं बोलायचं तर नोटीस सचिव म्हणून आली आहे. काम देण्याचा निर्णय कुणाचा, सूचना कुणी दिल्या, जागेवर कोण उभं होतं, यावर व्यक्तिशः जबाबदारी ठरते. दंडाबरोबर कैदेची तरतूद आहे, हे मी लपवणार नाही. पण नोटीस म्हणजे खटला नाही आणि खटला म्हणजे शिक्षा नाही. तुम्ही परवानगी घेतलीत आणि जादा कापायला कधी सांगितलं नाहीत, ही तुमची भक्कम बाजू आहे.

छाटणी करावी का वाटली, हेही खुलाशात सविस्तर लिहा. दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीला देवी या १९९९च्या निकालात, झाडाची फांदी डोक्यात पडून गेलेल्या स्कूटरस्वाराच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. नीट पाहणी केली असती तर धोका दिसला असता, तरी पाहणी केली नाही, म्हणून महापालिका जबाबदार धरली गेली. हेच तत्त्व खासगी मालकालाही लावलं जाऊ शकतं. म्हणजे स्कूटरवर फांदी पडल्यावर हात बांधून बसणंही तुम्हाला परवडलं नसतं. त्या घटनेचे फोटो, महापालिकेला लिहिलेली पत्रं, सगळं जोडा. मात्र यातून छाटणीची गरज सिद्ध होते, झाड भुंडं करण्याची नाही. खुलाशात या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

झाडाचं वय कागदावर आणणं फार महत्त्वाचं आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट आली आहे. रेन ट्री झपाट्याने पोसतो, चाळिशीतच त्याचा घेर बघून साठ-सत्तर वर्षांचा वाटतो. बुंध्याच्या घेरावरून कुणी अंदाज बांधला तर तुमचं नुकसान होईल. बांधकाम संपलं तेव्हाचे, वास्तुपूजेचे, पहिल्या गणेशोत्सवाचे फोटो जुन्या रहिवाशांकडे असतील. त्यात रोपटं दिसत असेल तर तो उत्तम पुरावा.

रखवालदाराला एक विचारून घ्या: झाडावर घरटी होती का? वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. घरटी पडली असतील तर मला आधी सांगा, खुलाशाची भाषा बदलावी लागेल.

कंत्राटदाराची उरलेली रक्कम थांबवा आणि त्याला लेखी नोटीस द्या. करार मोडल्यामुळे झालेलं नुकसान भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ७३खाली मागता येतं. ओंडके सोसायटीच्या मालकीचे होते. ते कुणाच्या सांगण्यावरून आणि कुठे नेले, हे जरूर विचारा. पातळ फांद्यांना भाव नसतो, जाड लाकडाला असतो. छाटणीचं काम तोडीवर जाण्यामागे बऱ्याचदा हे एक कारण असतं. लाकूड त्याने न्यायचं असं तोंडी ठरलं होतं का, हे अध्यक्षांकडून स्पष्ट करून घ्या.

तक्रारदाराला नोटीस पाठवू नका. तक्रार खरी आहे. उलट त्यांना भेटा, त्यांनी काढलेले फोटो मागा.

आणि झाडाकडे बघा, कारण ते जगलं तर तुमच्या खुलाशाला वजन येईल. वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून आठवडाभरात पाहणी करून लेखी अहवाल घ्या. रेन ट्री सहसा खुंटांतून पुन्हा फुटतो, पण ते नवे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत वजनाने मोडतात. म्हणजे अशा तोडीने धोका कमी होत नाही, पुढे सरकतो. त्यातले मोजके धुमारे राखून बाकीचे टप्प्याटप्प्याने काढावे लागतील. कापल्या जागांवर डांबर किंवा रंग फासू नका. त्याने जखम भरत नाही. बुंध्याभोवतीचं पेव्हर ब्लॉकचं कडं निदान मीटरभर मोकळं करा. हे सगळं सोसायटी स्वखर्चाने, जाणकाराच्या देखरेखीखाली करेल असं लेखी हमीपत्र खुलाशासोबत द्या. समितीचा ठराव लागेल, तो आजच्या तारखेनेच करा.

परवानगीपत्राची आणि स्थळपाहणी अहवालाची प्रमाणित प्रत माहिती अधिकारात मागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून मुदतवाढीचा अर्ज वेगळा करावा लागेल. तो उद्या सकाळीच स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.